उतारवयाची शिदोरी

नोकरीतून निवृत्त होणाऱ्या गृहस्थाचा सत्कार आपल्याकडे मोठ्या हौसेने होतो. शाल, श्रीफळ, चार गौरवपर भाषणे आणि 'आता नातवंडे खेळवीत सुखाने राहा' हा ठरलेला आशीर्वाद! पुढील महिन्याच्या एक तारखेला पगार येणार नाही, ही गोष्ट मात्र त्या समारंभात कोणी उच्चारीत नाही. तशी ती उच्चारण्याची वेळही टळून गेलेली असते. त्या एक तारखेचा विचार निदान पंचवीस वर्षे आधी व्हावयास हवा होता.

आपल्या वाडवडिलांनी असा विचार वेगळा केला नाही, कारण त्यांना त्याची गरज भासली नाही. गावकरीतून मिळणारी झोण, माडांचे आणि कुळागराचे उत्पन्न, परसातली भाजी आणि एका चुलीवर जेवणारे कुटुंब हीच त्यांची पेन्शन होती. ती व्यवस्था आज मोडकळीस आली आहे. माडावर चढणारा पाडेली मिळत नाही, कुळागरात राबणारे हात उरले नाहीत आणि मुलगा पुण्यात, बंगळुरात, आखातात किंवा बोटीवर आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर शंभर माणसांपैकी अकराहून अधिक साठी ओलांडलेली आढळली. या बाबतीत आपल्यापुढे होते ते एक केरळच. माणसे दीर्घायुषी झाली हे सुदैवच. पण वाढलेल्या आयुष्याबरोबर वाढलेला खर्च कोणी भागवायचा, हा प्रश्न घरोघर उभा आहे.

सरकारी नोकराला निदान काही आधार आहे. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि अंशदानावर चालणारी राष्ट्रीय योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून त्यांना निश्चित रकमेच्या एकीकृत योजनेचा पर्यायही मिळाला. खाजगी नोकराचे काय? १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत, २०१४ साली ठरलेल्या पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर पूर्ण तीस वर्षांची सेवा धरली, तरी महिन्याला हाती पडणारी रक्कम सात हजारांच्या आतच राहते. आणि दुकानदार, रापणकार, रिक्षावाला, खाणीवरचा ट्रकमालक यांना तर तेवढेही नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कर्जाने घेतलेले ट्रक दारात गंजत उभे राहिले. ज्या घरांत उत्पन्नाची ती एकच वाट होती, त्या घरांनी उतारवयासाठी ठेवलेला पैसा ऐन उमेदीतच खाऊन संपविला. हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

तरीही आपल्या सवयी बदलत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी हा निर्वाहासाठी असतो, हे त्याच्या नावातच आहे. पण तो घरावर मजला चढविण्यासाठी आणि लग्नाच्या मांडवासाठी निम्मा उचलला जातो. उरलेल्याचे सोने किंवा प्लॉट होतो. दोन्हींची किंमत वाढत असेल. पण प्लॉट दरमहा औषधांचे बिल चुकवीत नाही. दुसरीकडे महागाई आपले काम चालूच ठेवते. ती वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली, तर आज तीस हजारांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी साठ हजार आणि चोवीस वर्षांनी एक लाख वीस हजार लागतील.

याच गणिताची दुसरी बाजू बचत करणाऱ्याच्या बाजूने उभी राहते. आठ टक्के चक्रवाढ मिळते असे धरून तिसाव्या वर्षापासून दरमहा दोन हजार बाजूला टाकणाऱ्याचे साठाव्या वर्षी सुमारे तीस लाख होतात. तेच चाळिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला बारा लाखांच्या आतच समाधान मानावे लागते. घातलेल्या पैशातील फरक दोन लाख चाळीस हजारांचा. हाती येणाऱ्या पैशातील फरक सुमारे अठरा लाखांचा. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण पाऊस लवकर सुरू झाला पाहिजे.

साठविलेले राखणे हे त्याहून कठीण. २०२० साली म्हापशाच्या आणि २०२१ साली मडगावच्या नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हा विमा मुळीच नाही. चेअरमन ओळखीचा आहे, व्याज एक टक्का जास्त आहे, एवढ्यावर सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. साठी उलटलेल्यांसाठी पोस्टात व बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तीत तीस लाखांपर्यंत ठेव ठेवता येते आणि दर तिमाहीस व्याज हाती मिळते.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण बोललीच पाहिजे. हयातीतच राहते घर मुलांच्या नावे करून देण्याची घाई अनेक आईबाप मायेपोटी करतात. ज्यांना ते करावयाचेच असेल, त्यांनी बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. ती मोडली गेल्यास हस्तांतर रद्द करून घेण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. पत्नीला खाती, ठेवी, विमा यांची माहिती असणेही तितकेच अगत्याचे. नवरा गेल्यावर कपाटातील कागद प्रथमच उघडणाऱ्या स्त्रिया आपल्या समाजात थोड्या नाहीत.

व्यक्तीला उपदेश करून सरकारची सुटका होत नाही. कर्मचारी पेन्शन योजनेत १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार रुपये ठरली. आयुष्यभर कारखान्यात राबलेल्या माणसाची ही किंमत करणाऱ्यांनी त्या हजारात एक महिना स्वतः काढून पाहावा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना गोव्यात आहे, हे भूषणावह आहे. तिचे पैसे वृद्धाला हेलपाटे न घालता वेळेवर मिळावेत, एवढीच अपेक्षा.

परंतु सरकारची वाट पाहत वय थांबत नाही. पहिला पगार घेऊन घरी येणाऱ्या मुलाला आपण देवापुढे पैसे ठेवावयास सांगतो. त्याच दिवशी त्याला स्वतःच्या म्हातारपणाच्या नावेही काही रक्कम बाजूला ठेवावयास सांगितले, तर पस्तीस वर्षांनी त्याच्या सत्कारसमारंभातील आशीर्वाद पोकळ ठरणार नाही.