खुला अस्थिभंग : जंतूंशी चाललेली शर्यत

डिचोली तालुक्यातील सुर्ला हे गाव लोहखनिजाच्या पट्ट्यात वसलेले आहे. खाणींच्या उतरणी, अवजड वाहनांची ये-जा आणि माडांवर चढून उपजीविका करणारे पाडेली यांमुळे हातपाय मोडण्याचे प्रसंग या परिसरास अपरिचित नाहीत. मोडलेले हाड सांधते, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु हाड कातडी फाडून बाहेर आले, अथवा जखमेवाटे माती आत गेली, म्हणजे प्रश्न केवळ हाड सांधण्याचा राहत नाही. जंतूंचा शिरकाव झाल्यास महिनोन्महिने पू वाहतो, पुनःपुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि प्रसंगी पायही गमवावा लागतो. घरातील कर्त्या माणसावर असा प्रसंग आला म्हणजे सारे कुटुंबच संकटात सापडते.

लिस्टर यांचा प्रयोग

अशा दुखापतीस ‘खुला अस्थिभंग’ असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णाचा प्राण वाचविण्यासाठी पुष्कळदा पायच कापावा लागे. १८६५ साली ग्लासगो येथे शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्याकडे एक अकरा वर्षांचा मुलगा आणण्यात आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले. १८६७ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि जंतुविरहित शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. पुढे प्रतिजैविक औषधे उपलब्ध झाली. तरीही हाडाचा संसर्ग पूर्णपणे हटलेला नाही.

जंतू कोठे दडतात?

या संसर्गास बहुधा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू कारणीभूत असतो. अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवरही तो आढळतो. अपघातात हाडाच्या तुकड्यांचा रक्तपुरवठा तुटतो. हाड स्थिर करण्यासाठी बसविलेल्या धातूच्या पट्टीला किंवा सळईला तर रक्तपुरवठा नसतोच. अशा पृष्ठभागावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. त्या आवरणाच्या आश्रयाने राहणाऱ्या जंतूंना मारण्यास शेकडो पट अधिक औषध लागू शकते.

१९८७ साली अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी या झटापटीला ‘पृष्ठभागासाठी शर्यत’ असे संबोधिले. शेतात भाताचे रोप आधी वाढले तर तणाला वाव राहत नाही. तद्वत शरीराच्या पेशींनी धातूवर आधी ठाण मांडले तर जंतूंना जागा उरत नाही. जंतू आधी पोहोचले, तर मात्र त्यांना हुसकावणे अत्यंत कठीण होते.

संशोधनाची दिशा

ही शर्यत शरीराने जिंकावी, यासाठी जगातील अनेक विद्यापीठांत संशोधन चालू असून पीएच.डी.चे विद्यार्थीही या विषयाकडे वळले आहेत. त्यांचा पहिला मार्ग पदार्थांचा होय. १९७० च्या सुमारास जर्मनीत हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे औषध मिसळण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे औषध थेट जखमेच्या जागी पोहोचू लागले. मात्र अशा सिमेंटचे मणी जखमेत ठेवल्यास ते पुढे काढावे लागतात. कॅल्शियम सल्फेटसारखे पदार्थ औषध सोडत सोडत शरीरात आपोआप विरघळतात. कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसान या पदार्थाचाही याच दृष्टीने अभ्यास होत आहे.

दुसरा मार्ग रोगप्रतिकारशक्तीचा. जखम होताच रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. त्यांतील भक्षक पेशी प्रथम जंतूंना गिळतात आणि नंतर ऊतींच्या दुरुस्तीस हातभार लावतात. मोठ्या अपघातात हा क्रम बिघडतो. तो सावरण्यासाठी, प्रतिकारशक्तीस चेतना देणाऱ्या ‘इंटरल्यूकिन-१२’ या प्रथिनाचा अतिसूक्ष्म लेप धातूवर देण्याचा प्रयोग अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात उंदरांवर करण्यात आला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेपामुळे संसर्गाचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. परंतु प्राण्यांवरील यश म्हणजे माणसांवरील उपचार नव्हे. या जंतूविरुद्धच्या एका लशीची मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील चाचणी निष्फळ ठरल्याने २०१८ साली थांबवावी लागली, हेही ध्यानात ठेवणे इष्ट होय.

गावाच्या हाती काय आहे?

प्रयोगशाळेतील लेप गावात पोहोचेपर्यंत शर्यतीचे पहिले तास गावकऱ्यांच्याच हाती आहेत. प्रतिजैविकाची पहिली मात्रा जितकी लवकर मिळेल तितका संसर्गाचा धोका कमी होतो. तीन तासांहून अधिक विलंब घातक ठरतो, असे १९८९ सालच्या एका अभ्यासात आढळले होते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. जखमेवर हळद, कॉफीची पूड, शेण, राख अथवा पाल्याचा रस लावू नये.
२. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. जखम स्वच्छ धुतलेल्या कापडाने झाकावी. रक्त वाहत असल्यास कापडाने दाबून धरावे.
३. मोडलेला अवयव आहे त्याच स्थितीत बांबूच्या कामट्यांचा किंवा फळीचा आधार देऊन स्थिर करावा.
४. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने रुग्णास खाण्यापिण्यास देऊ नये.
५. १०८ या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. हाडवैद्याकडे नेण्यात वेळ दवडू नये.
६. अपघाताची वेळ डॉक्टरांना सांगावी व धनुर्वाताच्या लशीबाबत विचारणा करावी.

खुल्या अस्थिभंगाची जखम शस्त्रक्रियागृहातच धुवावी लागते. त्यासाठी म्हापसा येथील जिल्हा रुग्णालय व बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय उपलब्ध आहेत. उपचारानंतर तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करावे, मधुमेह नियंत्रणात ठेवावा आणि औषधांचा क्रम मध्येच सोडू नये. कारण या बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास संसर्गाचा धोका वाढतो. बरी वाटणारी जखम पुन्हा लाल झाली अथवा पाझरू लागली, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी.

शिक्षकांनी ही माहिती वर्गात सांगावी, पंचायतींनी ती सूचनाफलकावर लावावी आणि खाणींच्या व वाहतुकीच्या कामावरील मुकादमांनी ती आपल्या कामगारांपर्यंत पोहोचवावी. एक स्वच्छ कापड आणि वेळेवर केलेला एक दूरध्वनी एखाद्या कष्टकऱ्याचा पाय वाचवू शकतो.