डब्यातले खेळ : दोनशे छप्पन्नावा पडदा
आज ‘पिटफॉल’ या व्हिडिओ खेळातल्या वेलीवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मधेच सांगलीहून गणिताच्या एका बाईंचं पत्र आलं. त्या विचारतात: ‘पिटफॉल’मध्ये २५५ पडदे आहेत म्हणता, पण एका बाइटमध्ये तर २५६ आकडे मावतात. मग एक पडदा गेला कुठे?

प्रश्न असा नेमका आहे की वेलीने वाट पाहिलेली बरी.

जागेचं रडगाणं मागच्या भागात गाऊन झालंय: कार्ट्रिजमध्ये ४०९६ बाइट, अटारी २६०० या खेळयंत्राच्या पोटात काम करायला १२८. एका पडद्याच्या वर्णनाला ५० बाइट धरले तरी २५५ पडद्यांना १२,७५० लागले असते. म्हणजे नुसत्या जंगलालाच तीनहून जास्त कार्ट्रिजं, आणि खेळातल्या हॅरीला पळायला जागाच नाही. खेळ रचणाऱ्या डेव्हिड क्रेनने १९८२ साली यावर जो तोडगा काढला, त्याला मी बेरकीपणा म्हणेन. त्याने जंगल साठवलंच नाही. हॅरी पडद्याच्या कडेला पोचला की पुढचा पडदा त्या घडीला आधीच्या पडद्यातून काढायचा!

कागद-पेन्सिल घ्या. ओळीने आठ चौकोन काढा आणि त्यांत डावीकडून भरा: १ १ ० ० ० १ ० ०. हा झाला १९६. खेळ इथून सुरू होतो. आता डावीकडून पहिला, तिसरा, चौथा आणि पाचवा चौकोन बघा. त्यांतले एक मोजा. विषम आले तर १ हातात ठेवा, सम आले तर ०. मग सगळी ओळ एक घर डावीकडे सरकवा, टोकाचा आकडा पडू द्या आणि उजवीकडे रिकाम्या झालेल्या घरात हातचा आकडा बसवा. मिळालं १ ० ० ० १ ० ० १, म्हणजे १३७. हा दुसरा पडदा. पुन्हा तेच करा: १८. पुन्हा: ३७.

या आठ घरांतच सगळा पडदा असतो. पहिली दोन घरं झाडांची ठेवण ठरवतात. त्यातलं पहिलं शिवाय भुयारातली भिंत डावीकडे की उजवीकडे, तेही सांगतं. मधली तीन घरं जमीन सांगतात: शिडीचा खड्डा, तीन खड्डे, डांबर, मगरी वगैरे आठ प्रकार. शेवटची तीन म्हणजे ओंडके, आग, साप. १९६ मध्ये मधली तीन ० ० ०, म्हणून पहिल्या पडद्यावर शिडीचा खड्डा. १३७ ला तीन खड्डे, १८ ला डांबर आणि वेल, ३७ ला मगरी. नव्या खेळाडूला कसं एकेक पायरीने शिकवत नेलंय बघा. १९६ ऐवजी भलत्याच आकड्यापासून सुरुवात केली असती तर पहिल्याच पावलाला मगर भेटू शकली असती.

हॅरी उलटा फिरला तर? नियम उलटाही चालवता येतो, त्यामुळे डावीकडे गेलं की नेमका मागचाच पडदा येतो. भुयारातून एका पडद्यात तीन पडदे कापले जातात, तिथे हाच नियम तीनदा चालवलेला असतो. नकाशा असा कुठेच नाही.

आता बाईंचा हरवलेला पडदा. आठही घरांत शून्य भरा आणि नियम लावा. हातात शून्य, सरकवलं तरी शून्य. त्या पडद्यावरून हॅरी कितीही धावला तरी पुन्हा त्याच पडद्यावर येणार, आणि इतर कुठल्याही पडद्यावरून तिथे जायची वाट नाही. उरलेले २५५ एका मोठ्या फेऱ्यात एकदा-एकदा येतात आणि फेरा परत १९६ वर मिटतो.

माझा खरा जीव मात्र खजिन्यात अडकलाय. मधली तीन घरं १ ० १ असली की त्या पडद्यावर खजिना. उरलेली पाच घरं कशीही भरा, असे आकडे होतात ३२; खेळात खजिनेही तेवढेच. अशा पडद्यावर शेवटची दोन घरं खजिन्याचा प्रकार सांगतात: पैशाची थैली २०००, चांदीची वीट ३०००, सोन्याची ४०००, हिऱ्याची अंगठी ५०००. प्रत्येकी आठ. बेरीज १,१२,०००, त्यात सुरुवातीला मिळालेले २००० मिळवा: १,१४,०००. ‘पिटफॉल’मध्ये याहून जास्त गुण कुणालाच मिळवता येत नाहीत, आणि तेवढे मिळवायला हाताशी फक्त २० मिनिटं. खजिने वाटत बसायची क्रेनला गरजच पडली नाही. नियमानेच ते जंगलभर पसरून दिले.

१९६ पासून उजवीकडे निघालात तर सातव्या पडद्यावर, ४६ या आकड्याला, पहिला खजिना लागतो. तो कोणता, ते बाईंच्या वर्गातल्या मुलांनी काढावं. पुढचे ३१ कुणी हाताने शोधून पाठवले तर इथे छापू. वेल पुढच्या आठवड्यात, नक्की.