सांडशीचे हात, कुकरचं धड

सांडशी ओट्यावर असते तोवर सांडशी. तिचं मागचं टोक जुन्या डब्याच्या कुशीला बोल्टने आवळलं की तिचा हात होतो, तोही काहीतरी पकडायला निघालेला. डब्यावर गाळणी उपडी बसली की डोकं आलं, नळाची तोटी नाक झाली, दोन बेअरिंगांचे डोळे. घरातल्या वापरून झालेल्या वस्तू आणि हार्डवेअरचा किरकोळ माल जोडून शोभेचे यंत्रमानव करायची ही कला. ते चालत नाहीत की बोलत नाहीत, फडताळावर नुसते उभे असतात. तरी मी याला फावल्या वेळचा चाळा म्हणणार नाही. हे शिल्पच आहे.

त्याचं कुळही मोठं. पाब्लो पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोन वस्तूंतून बैलाचं डोकं उभं केलं. स्कॉटलंडच्या एदुआर्दो पाओलोझ्झीने १९५०च्या दशकात यंत्रांच्या सुट्या भागांचे ठसे घेतले, ते मेणात आणि मग ब्राँझमध्ये उतरवले आणि अर्धी माणसं, अर्धी यंत्रं घडवली. फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांतून उभी राहिलेली नेकचंद यांची चंदीगडची बाग १९७६ मध्ये लोकांसाठी उघडली. आणि आपल्या मुंबईत अर्झान खंबाटा कित्येक वर्षं भंगार धातूतून शिल्पं करत आले आहेत.

मुंबईहून पश्चिम रेल्वेने पालघर ओलांडलं की बोईसर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये इथे तारापूरला सुरू झालं. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद, रसायनं, औषधं, कापड असं सगळं बनतं. फिटर, टर्नर, वेल्डर यांची ही वस्ती. सांधा कसा बसवायचा, हे इथल्या हातांना वेगळं शिकवावं लागत नाही. या कलेने इथे घर करावं, असं मला फार वाटतं.

कारण सगळं मर्म सांध्यात आहे. कुकर बहुधा ॲल्युमिनियमचा, त्याला साध्या वेल्डिंगच्या रॉडने लोखंडी पाय चिकटत नाहीत. स्टीलचा डबा पातळ, आर्क लागला की भोक पडतं. म्हणून भोक पाडून नट-बोल्ट किंवा रिव्हेट, हाच खरा मार्ग. स्टेनलेस स्टीलला ड्रिल सावकाश फिरवायचं, तेलाचा थेंब देत. घाई केली तर पत्रा तापून आणखी कडक होतो आणि बिटाची धार जाते. शिवाय इथल्या किनाऱ्यावरच्या चिंचणी-तारापूरची हवा खारी. तिथे ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना थेट टेकले की ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच.

सगळंच भंगार घरात आणण्याजोगं नसतं, आणि हे कळकळीने सांगायला हवं. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. रसायनाचं पिंप कितीही धुतलेलं दिसलं तरी त्याला हात लावू नये. आत उरलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६०ने एकाचा जीव गेला आणि आणखी काही जण किरणोत्साराने आजारी पडले. ज्याचा मूळ मालक आणि मूळ उपयोग माहीत नाही, अशी अवजड किंवा बंद पेटी उघडायची नाही. स्वयंपाकघरातलं भंगार त्या मानाने भरवशाचं.

आणि बोलकंही. सोऱ्या हा तयार मानेचा तुकडा, किसणी छातीची जाळी, कुकरची शिट्टी टोपीवरचा तुरा. पण वस्तू ओळखू येत राहिली पाहिजे. सगळ्यावर चंदेरी रंगाचा फवारा मारला की यंत्रमानव चकचकीत होतो आणि मुका होतो. बघणाऱ्याने ‘अरे, ही तर पुरणयंत्राची दांडी!’ म्हणायला हवं; मजा त्या ओळखीत आहे.

आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून घ्यायची रीत. आजीला मिळालेला डबा झाकण हरवल्यावर मोडीत निघतो, तेव्हा त्याच्यावर तिच्या मामाचं नाव असतं. असा डबा हाती आला तर धड त्याचंच करावं आणि कोरलेली बाजू पुढे ठेवावी. घासून ते नाव काढू नये, भोकही त्याच्यापासून लांब पाडावं. रंग द्यायचाच असेल तर पायांना द्यावा. नावावर पारदर्शक लॅकरचा एक हात पुरे.