खारं पाणी, खरी माहिती : घरातल्या रीफ टाकीविषयीचे गैरसमज

मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने 1951 पासून मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना समुद्री मासे काचेआड दाखवले. 2003 मध्ये 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाउनफिश मुलांच्या ओळखीचा झाला. 'आपल्याकडेही असा एक हवा' हा हट्ट तेव्हापासून अनेक घरांत सुरू आहे. क्लाउनफिश, प्रवाळ, कोळंब्या आणि शंख एकत्र नांदवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला रीफ टाकी म्हणतात. गोल्डफिश किंवा गप्पी पाळलेला माणूस जुन्याच सवयी घेऊन इकडे वळतो, आणि बहुतेक टाक्या तिथेच फसतात. कारण इथे मासे नंतर येतात, आधी पाणी सांभाळायला शिकावं लागतं. नेहमी कानावर येणारे काही गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती पाहू.

गैरसमज 1 : समुद्र जवळच आहे, पाणी तिथूनच आणू.

वस्तुस्थिती : प्रवाळांना लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेलं, स्वच्छ आणि गाळ नसलेलं पाणी लागतं. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ दोन्ही मिसळलेले असतात. कोकणात किनारा तुलनेने स्वच्छ असला, तरी पावसाळ्यात नद्या आणि खाड्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा बराच घसरतो. मोठी मत्स्यालयं समुद्राचं पाणी वापरतात, पण ते गाळून, निर्जंतुक करून आणि तपासून. घरी हे सगळं करण्यापेक्षा शुद्ध पाण्यात खास समुद्री मीठ विरघळवणं सोपं आणि भरवशाचं आहे.

गैरसमज 2 : मीठ ते मीठ. स्वयंपाकघरातलं नाही, तर निदान मिठागरातलं खडे मीठ चालेल.

वस्तुस्थिती : समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून वजनाने सुमारे 86 टक्के असतात. उरलेल्या 14 टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे येतात आणि प्रवाळांचं सगळं अडतं ते यांच्यावाचून. शिरोडा किंवा उरणच्या मिठागरात पाणी आटू लागलं की कॅल्शियमचा मोठा भाग आधीच जिप्समच्या रूपात खाली बसतो. त्यानंतर मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातं. म्हणजे मीठ तयार होतानाच प्रवाळांच्या कामाचे क्षार त्यातून वेगळे होतात. टेबल सॉल्टमध्ये तर गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यंही असतात.

रीफसाठी मिळणाऱ्या मिठात हे सगळे क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले असतात. ते विरघळवल्यावर लिटरमागे कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम 1250 ते 1350 मिलिग्रॅम भरायला हवं. अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः कार्बोनेटचं प्रमाण, 8 ते 10 डीकेएचच्या (त्याचं एकक) आसपास आणि पीएच 8.1 ते 8.4 असावा. कठीण प्रवाळ आपला सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत पाण्यातून उचलत असतात. त्यामुळे हे आकडे एकदा जुळवून भागत नाही, दर आठवड्याला तपासावे लागतात.

गैरसमज 3 : घरच्या आरओचं पाणी पुरेसं शुद्ध आहे.

वस्तुस्थिती : पिण्यासाठीच्या बऱ्याच यंत्रांत चव राखण्यासाठी थोडे क्षार परत मिसळण्याची सोय असते. रीफ टाकीला मात्र आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेलं, टीडीएस (विरघळलेले एकूण घटक) शून्य दाखवणारं पाणी लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. फॉस्फेट, सिलिकेट आणि जुन्या नळजोडांतून उतरलेलं तांबंही असू शकतं. फॉस्फेट आणि सिलिकेटवर शेवाळ फोफावतं. तांबं तर अगदी थोडं असलं, तरी कोळंब्या, शंख आणि प्रवाळांना विष ठरतं.

याच्या जोडीला आणखी एक चूक होते. टाकीतलं पाणी कमी झालं की लोक खारं पाणी ओततात. वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. म्हणून रोजची भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याची घालायची. खारं पाणी घालायचं ते फक्त पाणी बदलताना.

गैरसमज 4 : नवशिक्याने छोट्या टाकीपासून सुरुवात करावी.

वस्तुस्थिती : इथे नेमकं उलटं आहे. 20 लिटरच्या टाकीतून अर्धा लिटर पाणी उडालं, तर खारेपणा 35 वरून जवळपास 36 वर जातो. 200 लिटरच्या टाकीत तेवढंच पाणी उडालं, तर फरक जाणवतही नाही. कोपऱ्यात एखादा मासा मरून पडला, तर छोट्या टाकीत रातोरात अमोनिया वाढतो, मोठ्या टाकीत सावरायला वेळ मिळतो. जागा आणि खिसा परवानगी देत असेल, तर 150 ते 200 लिटरपासून सुरुवात केलेली बरी. मात्र वजनाचा विचार आधी करा. 200 लिटर खाऱ्या पाण्याचंच वजन 205 किलो होतं. काच, खडक, वाळू आणि स्टँड धरून ते 300 किलोच्या घरात जातं. टाकी भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी आणि जुन्या इमारतीत आधी अभियंत्याला विचारावं.

गैरसमज 5 : यंत्रं जितकी महाग, तितकी टाकी यशस्वी.

वस्तुस्थिती : जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडक (जीवाणू आणि इतर जीव वसलेले समुद्री खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर रीफ टाकी चालवून दाखवली. समुद्राचं स्वच्छ, ताजं पाणी त्यांच्या हाताशी होतं हे खरं. पण त्यांनी दाखवलेलं तत्त्व आजही लागू आहे : टाकीतलं बरंचसं शुद्धीकरण सच्छिद्र खडकात राहणारे जीवाणूच करतात.

प्रोटीन स्किमर उपयोगी आहे, कारण तो माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतली सेंद्रिय द्रव्यं कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढतो. चांगला प्रवाहही हवा. तो निर्माण करणारा वेव्हमेकर नसेल, तर प्रवाळांवर गाळ साचतो. याउलट खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आणि चाचणीचे किट यांवरच लोक काटकसर करतात. काटकसर करायचीच, तर ती रोषणाईच्या डौलात करावी, मोजमापाच्या साधनांत नाही.

गैरसमज 6 : टाकी भरली, पाणी नितळ झालं, आता मासे सोडू.

वस्तुस्थिती : नितळ पाण्यातही मासा मरतो. विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन द्रव्यं माशांना घातक आहेत, तिसरं बरंच सौम्य. हे जीवाणू खडकांवर पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. याला टाकीचं 'सायकल होणं' म्हणतात. पूर्वी यासाठी काटक डॅमसेल मासे टाकीत सोडून त्यांचे हाल केले जात. त्याची गरज नाही. बाटलीतला शुद्ध अमोनिया मोजून घालूनही टाकी तयार करता येते. घातलेला अमोनिया आणि त्यातून तयार झालेलं नायट्राइट एका दिवसात शून्यावर येऊ लागलं, की मग पहिला मासा आणावा. पुढचे मासे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणावेत. मऊ प्रवाळ त्यानंतर, आणि कठीण प्रवाळ टाकी काही महिने स्थिर राहिल्यावरच.

गैरसमज 7 : सगळं धुऊन-पुसून ठेवलं आणि नायट्रेट शून्यावर आणलं, की टाकी निरोगी.

वस्तुस्थिती : खडक किंवा फिल्टरमधलं साहित्य नळाखाली धुतलं, तर क्लोरिनमुळे उपयोगी जीवाणू मरतात आणि सायकल पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. धुवायचंच असेल, तर बदलून काढलेल्या टाकीच्या पाण्यात हलक्या हाताने धुवावं. नायट्रेट आणि फॉस्फेट यांची थोडी गरज प्रवाळांनाही असते. दोन्ही शून्यावर गेले, तर प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाच्या चिकट तपकिरी सूक्ष्मजीवांचा थर पसरू शकतो. लिटरमागे नायट्रेट 2 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम हा सुरक्षित पट्टा मानतात. आठवड्या-पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलणं हा सोपा नियम पुरतो.

गैरसमज 8 : प्रवाळ ही शोभेची वनस्पती आहे, भरपूर उजेड दिला की वाढते.

वस्तुस्थिती : प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशापासून अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणून प्रकाश हवाच, पण प्रत्येक प्रवाळाची गरज वेगळी असते. मऊ प्रवाळांना मध्यम उजेड पुरतो, तर फांद्यांच्या कठीण प्रवाळांना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. साध्या पांढऱ्या ट्यूबने काम भागत नाही, निळा पट्टा भरपूर असलेला एलईडी लागतो. आणि नव्या प्रवाळावर एकदम प्रखर दिवा सोडला, तर शैवाल बाहेर पडून तो पांढरा पडतो. दिवा आधी मंद ठेवून काही आठवड्यांत वाढवत न्यावा, रोज आठ ते दहा तासांपेक्षा जास्त नको.

गैरसमज 9 : निमोला समुद्रफूल हवंच, आणि सोबतीला निळी डोरी आणू. टाकी लहान असली तर डोरीही लहानच राहील.

वस्तुस्थिती : समुद्रात क्लाउनफिश समुद्रफुलाच्या आसऱ्याने शत्रूंपासून वाचतो. टाकीत शत्रूच नसतो, त्यामुळे तो समुद्रफुलाशिवाय वर्षानुवर्षं मजेत राहतो. उलट समुद्रफुलालाच प्रखर प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते. ते जागा सोडून फिरतं, वाटेतल्या प्रवाळांना डंख करतं आणि पंपात अडकून मेलं, तर सगळी टाकी नासवतं. क्लाउनफिशची नर-मादी जोडी शोधत बसायचीही गरज नसते. हे सगळे मासे आधी नर असतात, आणि दोन पिल्लं एकत्र वाढली की वरचढ पिल्लू मादी होतं.

डोरी म्हणजे 'फाइंडिंग निमो'मधली ब्लू टँग. ती 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तिला पोहायला लांबलचक जागा लागते. 'टाकीएवढाच मासा वाढतो' ही समजूत खोटी आहे. खुरटलेला मासा आजारी असतो. मँडरिन मासा दिसायला देखणा, पण त्याला दिवसभर जिवंत सूक्ष्म कवचधारी टिपत राहावं लागतं. नव्या टाकीत तो उपाशी मरतो.

मासा कुठून आला, हेही विचारायला हवं. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे बधिर करून पकडण्याची पद्धत अनेक वर्षं चालली. त्यात प्रवाळ मरतात आणि मासेही पुढे फार जगत नाहीत. क्लाउनफिशसाठी या फंदात पडायचं कारणच नाही, कारण तो हॅचरीत सहज वाढतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं बीजोत्पादन भारतात केलं आहे. ऐरोलीतही कांदळवन कक्षाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. ब्लू टँग मात्र बंदिवासात वाढवायला फार अवघड. ते पहिल्यांदा साधलं 2016 मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत.

गैरसमज 10 : मासा आजारी पडला की टाकीत औषध टाकावं.

वस्तुस्थिती : पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर तांब्याचं औषध गुणकारी आहे, पण तेच कोळंब्या, शंख आणि प्रवाळांना मारतं. शिवाय ते खडकांत मुरून राहतं. उपचार वेगळ्या, साध्या टाकीत करायचे असतात. नवा मासा आधी चार आठवडे त्याच टाकीत निरीक्षणाखाली ठेवला, तर आजार घरात शिरतच नाही.

गैरसमज 11 : उष्ण समुद्रातले जीव आहेत, आपला उन्हाळा त्यांना सोसेल.

वस्तुस्थिती : रीफ टाकीसाठी 24 ते 27 अंश तापमान योग्य. ते बराच काळ 30 च्या वर राहिलं, तर प्रवाळ पांढरे पडू लागतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला, तरी तापमान काही अंशांनी उतरतं. मात्र पाणी भराभर उडतं, त्यामुळे भर घालण्याची दक्षता हवी. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा परिणाम कमी होतो, तिथे चिलर लागतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे पाचव्या भागाने कमी विरघळतो, म्हणून वीज गेल्यावर पहिला फटका श्वासाला बसतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे.

गैरसमज 12 : किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवायला काय हरकत?

वस्तुस्थिती : हरकत कायद्याची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे समाविष्ट झाले. समुद्रघोडेही त्याच वेळी. संरक्षण जिवंत प्रवाळाला आहे तसं मेलेल्यालाही आहे. शोभेसाठी विकले जाणारे पांढरे सांगाडेही त्यात आले. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे.

आपल्या किनाऱ्याला प्रवाळच नाहीत, असंही अनेकांना वाटतं. मालवणच्या समुद्रात ते आहेत, गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ आहेत, आणि खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकवरही आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीला प्रवाळांच्या वसाहती सापडल्या. तेव्हा रस्त्याचं काम पुढे नेण्याआधी वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली आणि 2020 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या दुसरीकडे हलवल्या.

परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांवर, जिवंत खडकांवर आणि महाशिंपल्यांवर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करणं ही मालकाचीही जबाबदारी झाली आहे. म्हणून खडक सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम घ्या. महिनाभरात त्यांच्यावरही जीवाणू वसतात.

रीफ टाकी घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घ्यायची ठरलीच, तर खरेदीचा क्रम पाळा : आधी चाचणीचे किट, मग पाणी शुद्ध करायची सोय, मग टाकी, खडक आणि मीठ, आणि महिना-दीड महिन्याने हॅचरीतले दोन क्लाउनफिश. प्रवाळ विकणाऱ्याकडे परवान्याची कागदपत्रं मागा आणि तो टाळाटाळ करू लागला, तर रिकाम्या हाताने परत या.