'वायरमन' बाई का असू नये?

घरातला फ्यूज उडाला, मिक्सर अडला किंवा पंख्याने घरघर सुरू केली की आपण काय करतो? "अहो, जरा बघा ना!" अशी हाक मारतो. यजमान स्टुलावर चढतात, दोन मिनिटे गंभीर चेहऱ्याने बघतात आणि "वायरमनलाच बोलवावं लागेल" असे जाहीर करून खाली उतरतात. मग तो वायरमन आज येतो, उद्या येतो म्हणत चौथ्या दिवशी उगवतो. या सगळ्या नाटकात बाईचे काम एकच, चहा करायचा आणि पैसे द्यायचे!

पण भगिनींनो, या वायरमनच्या धंद्यातच सध्या मोठी उलथापालथ चालू आहे. गावात जरा मान वर करून बघा. गच्च्यांवर जिथे पापड-कुरडया वाळत असत तिथे निळ्या-काळ्या काचेची पॅनेल्स दिसू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये असे अनुदान तिच्यात ठरले. वीजबिल खाली येणार म्हटल्यावर चर्चा माजघरापर्यंत आली नाही तरच नवल. अनुदान किती, पॅनेल कोणत्या कंपनीचे, हे सारेच विचारतात. हे बसवणार कोण आणि बिघडले तर नीट करणार कोण, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

एक कोटी छपरे म्हणजे काही थोडेथोडके काम नव्हे. त्या कामासाठी लागणाऱ्या हातांत आपल्या लेकी-सुनांचे हात असतील का, हा खरा प्रश्न आहे.

जुना हात, नवी वीज

"त्यात काय, आमचा नेहमीचा वायरमन बसवील की!" असे कोणी म्हणेल. पण पंचवीस-तीस वर्षे घरोघरच्या तारा ओढलेला अनुभवी माणूसही या कामात नवशिक्याच असतो. घरातली वीज ए.सी. असते. ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे एखादी ठिणगी उडाली तरी ती विझायला वाव मिळतो. पॅनेलमधून येणारी वीज डी.सी. असते, ती एकसारखी वाहत राहते. जोड सैल राहिला आणि तिथे ठिणगी धरली, तर ती विझत नाही, जोड जाळत जाते. शिवाय पाच-सहा पॅनेल्स एकामागे एक जोडली की व्होल्टेज काहीशेच्या घरात जाते. आणि गंमत अशी की पॅनेलला बटणच नसते! ऊन आहे तोवर ते चालूच. मेन स्विच पाडला म्हणून पॅनेलकडून येणारी तार निर्जीव झाली असे समजणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे मोबाइल. आजकालचे बहुतेक इन्व्हर्टर वायफायला जोडतात आणि दिवसभरात किती वीज तयार झाली त्याचा आलेख फोनवर दिसतो. निरभ्र दिवशी तो आलेख टेकडीसारखा असतो. सकाळी चढत जातो, दुपारी माथा गाठतो, संध्याकाळी उतरतो. समजा, रोज तीनच्या सुमारास त्या टेकडीला खड्डा पडतो. म्हणजे तेव्हा पाण्याच्या टाकीची नाही तर शेजारच्या नारळाची सावली पॅनेलवर येत असणार. एका पॅनेलवर सावली आली तरी एका माळेत जोडलेल्या सगळ्यांची वीज कमी होऊ शकते. हा खड्डा वाचता येणे हेही कारागिरीचेच काम झाले आहे. पूर्वी पक्कड आणि टेस्टर पुरत होता, आता आलेखही वाचता यायला हवा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तिच्यावरून घराघरांत वाद होतात. "एवढे पैसे घातले आणि लाइट गेली की सौरही बंद!" ही तक्रार अगदी खरी आहे, पण तो बिघाड नव्हे. बॅटरी नसलेली, महावितरणच्या तारेला जोडलेली यंत्रणा वीज गेल्याबरोबर स्वतःहून थांबते. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसेल. हे एवढे वाक्य बसवणाऱ्याने आधी समजावून सांगितले असते तर किती घरांतली धुसफूस वाचली असती!

लाल कडे, पिवळे कडे

आता जरा लांब, राजस्थानात जाऊ या. अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे खेडे आहे. दून स्कूल आणि सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकलेल्या बंकर रॉय यांनी १९७२ साली तिथे एक संस्था सुरू केली. पुढे ती 'बेअरफूट कॉलेज' म्हणजे अनवाण्यांचे कॉलेज म्हणून जगभर गाजली. (माहितीच्या अधिकारासाठी लढलेल्या अरुणा रॉय याही १९७४ मध्ये आय.ए.एस.ची नोकरी सोडून आधी इथेच आल्या होत्या.) या संस्थेने गावातल्या बायकांना हातपंप दुरुस्त करायला शिकवले आणि मग सौर दिवे बनवायला. पुढे तर आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या खेड्यांमधून बायका इथे येऊ लागल्या. २००८ पासून त्यांच्या प्रवासाचा आणि शिक्षणाचा खर्च भारत सरकारने उचलला. बहुतेक जणी पस्तीस ते पन्नास वयाच्या, कित्येकींना नातवंडे झालेली. लिहिता-वाचता न येणाऱ्याच जास्त. एकीची भाषा दुसरीला कळत नाही, शिकवणाऱ्या बाईची भाषा कुणालाच कळत नाही.

मग शिकवतात कसे? रंगांनी, खुणांनी आणि करून दाखवून. रेझिस्टर नावाचा इवलासा भाग असतो, तांदळाच्या दाण्याएवढा म्हणा ना. त्याच्या अंगावर रंगीत कडी असतात आणि प्रत्येक रंगाला एक आकडा असतो. काळा म्हणजे शून्य, तपकिरी म्हणजे एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच. जगातले सगळे इंजिनीअर हीच खूण वापरतात, तिलोनियाने वेगळे काही शोधले नाही. फक्त आकड्यांच्या आधी रंग शिकवले. तपकिरी-काळा-लाल असा रेझिस्टर हातात आला की तो कुठे बसतो हे बाई बघून सांगते. भरतकामात रेशमाच्या सातआठ छटा नजरेने वेगळ्या करणाऱ्या आपल्या बायकांना हे अवघड जाईल असे मला तरी वाटत नाही! सहा महिन्यांत या बायका सर्किट जोडतात, झाळकाम करतात, बिघाड शोधतात आणि गावी परत जाऊन घरोघरी दिवे लावतात.

पुरुष का नकोत, यावर बंकर रॉय यांचे उत्तर ठरलेले होते. तरुण पुरुषाच्या हाती प्रमाणपत्र पडले की तो ते घेऊन शहरात नोकरी शोधायला निघून जातो, आजीबाई गाव सोडून कुठे जाणार? ऐकायला गमतीचे आहे, पण मला त्यात एक बोच जाणवते. बाई जाऊ शकत नाही, म्हणून ती भरवशाची! तरीही तिलोनियाच्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी शिक्षणवर्गांनी उचलण्यासारखी आहे. बाईला पाठवण्याआधी गावाची समिती बसते. रॉकेल, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल यांवर प्रत्येक घर महिन्याला काय खर्च करते त्याचा हिशोब होतो आणि जवळपास तेवढीच वर्गणी दिव्यांसाठी देण्याचे घरे कबूल करतात. शिकून आलेल्या बाईचा पगार त्यातून निघतो. म्हणजे आधी कामाची आणि दामाची सोय, मग शिक्षण. आपल्याकडे बहुधा उलटे होते. आधी वर्ग, मग हारतुरे नि प्रमाणपत्र, आणि काम? ते तुमचे तुम्ही शोधा.

घरून विरोध होत नाही असे मुळीच नाही. २०१२ मध्ये 'सोलर मामाज' नावाचा माहितीपट आला. त्यात जॉर्डनच्या वाळवंटातली चार मुलींची आई तिलोनियाला शिकायला येते आणि मधेच नवऱ्याचा निरोप येतो, परत ये, नाहीतर मुली काढून घेईन. ती जाते, घरच्यांशी झगडते आणि पुन्हा येऊन शिक्षण पुरे करते. देश वेगळा, भाषा वेगळी, पण तो निरोप काही परका वाटत नाही, हो ना?

घरापासून किती लांब?

तिलोनियाचे छोटे घरगुती दिवे आणि आपल्या गच्चीवरची तीन किलोवॉटची यंत्रणा यांत फरक आहे, हे मान्य. दुसऱ्या कामाला अधिक अभ्यास लागतो आणि उंचावर काम करण्याची सवयही. त्यासाठी २०१५-१६ पासून केंद्र सरकारने 'सूर्यमित्र' नावाचे शिक्षण सुरू केले. सहाशे तासांचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचा, निवासी आणि विनामूल्य वर्ग. प्रवेशासाठी दहावी आणि इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा ट्रेडचा आय.टी.आय. उत्तीर्ण ही अट होती.

कागदावर यात बाईला कुठेही मज्जाव नाही. पण इलेक्ट्रिशियनचा आय.टी.आय. केलेल्या मुली आहेतच किती? मुलगी आय.टी.आय.ला जाते म्हटले की घरचे लोक शिवण-कर्तन नाहीतर कॉम्प्युटर याच्या पलीकडे विचार करत नाहीत. आणि लग्न झालेली, कडेवर मूल असलेली सून तीन महिने वसतिगृहात राहणार कशी? सासूबाई म्हणणार, "मग घरचं कोण बघणार?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर वर्ग चालवणाऱ्यांनीही शोधायला हवे. दुपारी बारा ते चार असा वर्ग तालुक्याच्या गावी भरला, शेजारी पाळणाघर असले, परतीची एस.टी. वेळेवर असली, तर त्याच सासूबाई नातवाला सांभाळायला तयार होतील.

काम घराजवळ आले की बायका कशा पुढे येतात, ते राजस्थानातल्याच डुंगरपूरला दिसले. तिथे आय.आय.टी. मुंबईच्या तज्ज्ञांनी आदिवासी बायकांना शाळकरी मुलांसाठी सौर दिवे जोडायला शिकवले. पुढे त्या बायकाच भागधारक असलेली 'दुर्गा' ही पॅनेल बनवणारी कंपनी उभी राहिली. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातही कवठा गावच्या बचत गटांतल्या बायकांनी सहकारी संस्था काढून सौर पॅनेलच्या कामात उडी घेतली. आणि उंचीचे म्हणाल, तर महावितरणमध्ये बायका तंत्रज्ञ म्हणून नोकरीला आहेत, त्या खांबावर चढून तारा जोडतात. तेव्हा "बाई गच्चीच्या कठड्यावर कशी चढणार?" हा प्रश्न आता कुणी विचारू नये. कंबरेला पट्टा हवा, तो मात्र पुरुषालाही हवाच.

शेतीकडेही असेच वारे आहे. २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना आली. पंधरा हजार बचत गटांना औषध फवारणारे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये, सरकारने सोसायचे आणि गटातल्या एकीला पंधरा दिवसांचे शिक्षण, असा तो बेत. साडी नेसून ड्रोन उडवणाऱ्या बाईचे छायाचित्र सुंदर येते यात शंका नाही. पण फवारणीचा हंगाम संपल्यावर काय आणि बॅटरी दमली की नवी कोणाच्या पैशाने, हे गटाने आधीच बसून ठरवलेले बरे.

चौकशीला जाल तेव्हा

तुमची मुलगी, भाची, धाकटी जाऊ किंवा तुम्ही स्वतः असा वर्ग करणार असाल, तर फी किती एवढेच विचारून परत फिरू नका. मागच्या तुकडीतल्या किती जणींना काम मिळाले, आणि कुठे, ते विचारा. जमल्यास त्यांतल्या एकीला भेटा. खऱ्या छपरावर हात चालवायला मिळतो की नुसते फळ्यावर चित्र, हे बघा. प्रमाणपत्र कोणत्या सरकारी संस्थेचे मानले जाते ते लिहून घ्या. कामाच्या जागी बायकांसाठी संडास आहे का, हेही बिनदिक्कत विचारा. लाजू नका, त्या एका कारणापायी कितीतरी जणींनी काम सोडलेले असते.

दारी सौर यंत्रणा बसवायला माणूस आला, तर त्याला सावलीबद्दल, अर्थिंगबद्दल आणि दुरुस्तीला कोण येणार याबद्दल विचारा. फोनवरचा तो टेकडीचा आलेख यजमानांच्याच नव्हे, तुमच्याही मोबाइलवर घालून घ्या. पॅनेल्सवरची धूळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने काढायची. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतायचे नाही, आणि भांड्याची घासणी तर मुळीच नाही.

आणि घरात दहावीची मुलगी असेल तर एक तारीख मात्र चुकवू नका. आय.टी.आय.चे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाइन भरायचे असतात आणि शासकीय आय.टी.आय.मध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. अर्जात ट्रेडचा पसंतीक्रम लिहावा लागतो. तो लिहायला सायबर कॅफेतल्या मुलाच्या हाती कागद सोपवू नका. मुलीबरोबर स्वतः बसा, आणि इलेक्ट्रिशियनचा ट्रेड यादीत कितव्या क्रमांकावर घालायचा ते तिला ठरवू द्या.