बालकल्याणातील पूर्वानुमान
बालकाविषयी व त्याच्या कुटुंबाविषयी नोंदलेल्या माहितीवरून त्याच्यावर ओढवू शकणाऱ्या संकटाची शक्यता संगणकाच्या साहाय्याने अगोदर वर्तविण्याची व तदनुसार साहाय्य वा हस्तक्षेप ठरविण्याची पद्धती. अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात ती २०१६ पासून वापरात आली. मुलाची हेळसांड होत असल्याची तक्रार येताच शासकीय दप्तरांतील माहितीवरून यंत्र १ ते २० पैकी एक गुणांक देते. दोन वर्षांत ते मूल घरातून हलवावे लागण्याचा संभव त्यातून सूचित होतो. शासकीय सेवांवर विसंबणाऱ्या गरिबांचीच दप्तरे जाड असतात व संशयही त्यांच्यावरच अधिक येतो, हा तीवरील मुख्य आक्षेप होय.

वऱ्हाडात प्रश्नाचे रूप उलट आहे. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतील, म्हणजे मेळघाटातील, कुपोषित बालकांचे मृत्यू १९९३ मध्ये राज्यभर गाजले. अंगणवाडी सेविकेने नोंदविलेल्या उंची-वजनावरून २०२१ पासून केंद्र शासनाची ‘पोषण ट्रॅकर’ ही प्रणाली बालकाची श्रेणी ठरविते. काटेकोर अर्थाने हे पूर्वानुमान नव्हे. परंतु कोणाकडे आधी धावावयाचे हे आकड्याने ठरावे, हे तत्त्व तेच. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असणे ही तीव्र कुपोषणाची एक कसोटी, तर दंडाचा घेर ११·५ सेंमी. पेक्षा कमी असणे ही दुसरी. दोहोंनी निवडलेली मुले पुष्कळदा निरनिराळी असतात. दीर्घकाळच्या अर्धपोटी जगण्याने खुरटलेले मूल तर उंचीच्या मानाने ठीक भरते व पहिल्या कसोटीतून सुटते.

याहून मोठी उणीव नोंदींत असते. न तोललेले मूल कागदावर सुखरूपच राहते. मजुरीसाठी सपाटीवर उतरून होळीला परतणारी कोरकू कुटुंबे, तसेच व्याघ्र प्रकल्पातून अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात वसविलेली गावे यांच्या बाबतीत मुलामागोमाग त्याची नोंदही जिल्ह्याची सीमा ओलांडून जावी लागते. राज्यातील बालमृत्यूंच्या शासकीय नोंदींत मोठी गळती असल्याचे अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००४ मध्ये दाखविले होते. अशा नोंदींवर घडविलेले यंत्र जेथे मृत्यू लपले, त्याच गावांना निर्धोक ठरवील.

म्हणून कोणती चूक अधिक महाग, हे स्थळानुसार ठरविणे भाग आहे. पिट्सबर्गमध्ये चुकून चढलेला गुणांक घर मोडू शकतो. मेळघाटात निरोगी मूल चुकून कुपोषित ठरले, तर थोडा आहार जादा खर्ची पडतो; कुपोषित मूल निरोगी ठरले, तर ते दगावू शकते. तेथे मर्यादा सैल ठेवणे आणि मूल डोळ्यांदेखत खंगत असता यंत्राने दिलेली श्रेणी बाजूस सारण्याचा अधिकार सेविकेस देणे, हेच न्याय्य होय.