घरगुती मत्स्यालयासाठीं वाळू आणि शिंपले

समुद्रकिनाऱ्यावर फिरावयास गेलेला मनुष्य सहसा रिकाम्या हातांनीं परत येत नाहीं. मुलांच्या खिशांत चार शिंपले असतात, मोठ्यांच्या पिशवींत एखादा शंख असतो. आणि ज्याच्या घरीं खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय असेल, त्याला तर बादलीभर वाळूही हवीशी वाटते. जी वाळू समुद्रांतील माशांना चालते, ती घरांतील माशांना कां चालूं नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु येथेंच पुष्कळांची फसगत होते. समुद्राच्या अफाट पाण्यांत जी घाण सहज जिरून जाते, तीच शंभर लिटरांच्या काचपेटींत साठून राहते, आणि निरोगी मासे पाहतां पाहतां मरूं लागतात.

ह्याचें कारण असें कीं, ओली वाळू निर्जीव दिसली तरी तिच्या कणाकणांमध्यें सूक्ष्म किडे, कवचधारी जीव, शेवाळ आणि जंतू वास करीत असतात. वाळू बादलींत भरून ठेवली कीं प्राणवायूच्या अभावीं त्यांतील बहुतेक जीव मरतात व कुजूं लागतात. कुजण्यांतून अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशांच्या कल्ल्यांस इजा करतो. स्थिरावलेल्या मत्स्यालयांत हितकारक जंतू अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें त्याहून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट बनवीत असतात. परंतु एकदम पडलेला भार त्यांनाही पेलत नाहीं.

पहिला विचार जागेचा करावा. सांडपाण्याच्या नाल्याचें मुख, बंदर, होड्यांची डागडुजी करण्याची जागा, अशा ठिकाणची वाळू घेऊं नये. होड्यांच्या तळास लावावयाच्या रंगांत बहुधा तांबें असतें, आणि तांब्याचा अल्प अंशही कोळंबी व खेकड्यांना मारक ठरतो. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आढळते. तींत इल्मेनाइट व मॅग्नेटाइट हीं लोहयुक्त खनिजें असतात. कोरड्या वाळूंतून लोहचुंबक फिरवावें. कण चिकटून आले तर ती वाळू न घेतलेली बरी. दुसरी परीक्षा व्हिनेगरची. चमचाभर वाळूवर तें ओतल्यास बुडबुडे आले, तर तींत शिंपल्यांचा चुरा आहे असें समजावें. न आल्यास ती गारेची वाळू होय. दोन्ही प्रकार चालतात. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळें पाणी आम्ल होऊं लागल्यास थोडीशी रोख बसते, एवढेंच. पाणी बदलण्याचें काम त्यानें टळत नाहीं.

वाळू घरीं आणल्यावर त्याच दिवशीं चाळावी. जाड्या चाळणीनें काड्या, कांच व खडे निघून जातात. मग मच्छरदाणीच्या कापडांतून पीठासारखा बारीक भाग काढून टाकावा. एक ते दोन मिलिमीटरांचे कण सोयीचे होतात. फार बारीक वाळूचा जाड थर घट्ट बसला, तर आंत प्राणवायू पोंचत नाहीं. थर काळा पडतो आणि नासक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू तयार होतो.

नंतर धुणें. पाव बादली वाळू घेऊन तींत पाणी सोडावें, हातानें खालपर्यंत ढवळावी आणि गढूळ पाणी लगेच ओतून द्यावें. पाणी नितळ दिसेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा वेळां, हें करावें लागतें. साबण मुळींच वापरूं नये. धुतलेली वाळू थोडी थोडी घेऊन पंधरा मिनिटें उकळावी व कडक उन्हांत पातळ पसरून पूर्ण वाळवावी.

शिंपल्यांचें काम अधिक चिकाटीचें आहे. उचलण्यापूर्वीं शंखाच्या तोंडाशीं नीट पाहावें. कित्येक रिकाम्या वाटणाऱ्या शंखांत मऊ पोटाचा खेकडा राहत असतो, आणि शंख नेणें म्हणजे त्याचें घर व प्राण दोन्ही नेणें होय. खरोखर रिकामे शिंपले जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें घासून कांहीं दिवस पाण्यांत ठेवावे व पाणी रोज बदलावें. पिळदार शंखाच्या शेवटच्या वळणांत मांस कुजत राहतें. वास येत असेल तर एक भाग बिनवासाचें घरगुती ब्लीच व दहा भाग पाणी यांत तो दिवसभर बुडवून ठेवावा. पुढें अनेकदां धुऊन, माशांच्या दुकानांत मिळणाऱ्या क्लोरीननाशक औषधाच्या पाण्यांत ठेवावा आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावा. व्हिनेगरनें शिंपला झिजतो. शिवाय व्हिनेगर व ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून तीं कधींही मिसळूं नयेत. समुद्रांतील जिवंत खडक वा प्रवाळ तर उकळूंच नये. त्यांवरील कांहीं जीवांत अति तीव्र विष असतें आणि तें वाफेबरोबर घरांतील माणसांना बाधतें.

तयार वाळूचा तीन-चार सेंटिमीटर थर पुरे. पेटींत पाणी खेळवून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचें परीक्षेनें दिसल्यावरच मासे सोडावे. नव्या पेटीला यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

राहतां राहिला संग्रहाच्या मर्यादेचा प्रश्न. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें दगडी प्रवाळ व शंख-शिंपल्यांच्या कित्येक जाती संरक्षित आहेत, आणि किनाऱ्यावरील वाळू काढण्यावरही निर्बंध आहेत. म्हणून स्थानिक नियम आधीं विचारून घ्यावे. निर्बंधांमागें अनुभव आहे. इंग्लंडांत फिलिप गॉस याचें मत्स्यालयावरील पुस्तक १८५४ सालीं निघालें आणि घरोघरीं ही हौस पसरली. हौशी लोकांनीं खडकांतील डबकीं ओरबाडून नेलीं, याचा खेद त्याचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदविला आहे. नियमांत बसत असेल तेथें एका पेटीपुरती वाळू व चार रिकामे शिंपले घ्यावे आणि बाकीचें किनाऱ्यावर राहूं द्यावें.